बटाट्याला किती कडा?

कागदावर काढलेल्या ठोकळ्याला तीनच बाजू असतात. आमच्या नातीने पहिलीत असताना हे लिहून दाखवले आणि शून्य गुण मिळवले. वर्कशीटवर ठोकळ्याचे चित्र होते. शेजारी पृष्ठे, कडा आणि शिरोबिंदू यांच्यासाठी तीन रिकाम्या जागा. तिने बोट ठेवून मोजले आणि 3, 9, 7 असे लिहिले. हवे होते 6, 12, 8. मी चष्मा लावून पुन्हा मोजले. चित्रात खरोखरच तीन पृष्ठे, नऊ कडा आणि सात कोपरे होते. आठवा कोपरा मागे लपलेला असतो म्हणतात, म्हणून आम्ही कागद उलटून पाहिला. तिथे वजाबाक्या होत्या.

बाईंना बोल लावण्यात अर्थ नाही. वर्गात चाळीस पोरे, हाताशी एक फळा, आणि शिकवायच्या आहेत लांबी-रुंदी-उंची असलेल्या वस्तू. फळ्याला उंचीही आहे, रुंदीही आहे, पण आत शिरायला जागा नाही. मग फळ्यावर ठोकळा काढायचा आणि मागच्या कडा तुटक रेघांनी दाखवायच्या. मोठ्यांना त्या रेघांची इतकी सवय झालेली असते, की तुटक रेघ म्हणजे ‘असून न दिसणारी गोष्ट’ हा मोठ्यांचा आपापसातला करार आहे, हे आपण विसरूनच जातो. मुलाने त्या करारावर सही केलेली नसते. त्याच्या दृष्टीने ती तुटकी रेघ म्हणजे पेनातली शाई संपत आल्याची खूण. चेंडूची तर आणखी पंचाईत. कागदावरचा चेंडू म्हणजे एक वर्तुळ आणि त्याच्या एका अंगाला थोडी पेन्सिल घासलेली. ती घासलेली पेन्सिल खोडली, की चेंडूची भाकरी झाली.

तेव्हा शून्य गुणांचे दुःख ओसरल्यावर आम्ही स्वयंपाकघरात गेलो. घन आकारांची एवढी मोठी प्रयोगशाळा कुठल्याही शाळेला परवडणार नाही. डबे, डब्या, पेले, वाट्या, काडेपेटी, नरसाळे, लाटणे, पोळपाट. ओट्यावरच्या या राज्याच्या मालकीणबाईंनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, ‘परत जागच्या जागी ठेवायचं’ या अटीवर परवानगी दिली.

माझा बेत मोजण्याचा होता. नातीचा बेत वेगळा होता. तिने एकाही वस्तूच्या कडा मोजल्या नाहीत. प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिने आधी जमिनीवर आडवी ठेवली आणि ढकलली. तिचा प्रश्न एकच: ही जाते का, आणि गेली तर कुठे जाते? हळदीची डबी सरळ गेली आणि फ्रिजखाली शिरली. काडेपेटी दोन वीत घसरली आणि थांबली. गोटी आधी इकडे, मग तिकडे असा विचार करून शेवटी मोरीकडे निघाली. फरशी बसवणाऱ्याने उतार नेमका कुठे दिला आहे, हे मला इतक्या वर्षांनी त्या दिवशी कळले. आणि स्टीलचा पेला! वर रुंद, खाली निमुळता असा आपला रोजचा पेला आडवा घालून ढकलला, की तो सरळ जातच नाही. मोठ्या तोंडाला जास्त वाट चालायची असते, छोट्या बुडाला कमी, त्यामुळे तो वळण घेतो आणि गोल फिरून जवळपास निघाल्या ठिकाणी परत येतो. नातीने तो पुन्हा ढकलला. पुन्हा आला. मग दुपारभर आमच्या घरात दुसरा आवाज नव्हता.

पहिली-दुसरीच्या गणितात ‘घरंगळणे’ आणि ‘घसरणे’ असा भाग असतो. मला तो पूर्वी फारच बालिश वाटे. आता वाटते, घनांच्या गुणधर्मांत याहून महत्त्वाचे काही नाही. सपाट पृष्ठ आहे म्हणजे काय? तर वस्तू बसते, घसरते आणि तिच्यावर दुसरी रचता येते. वक्र पृष्ठ आहे म्हणजे ती पळते. दोन्ही असले तर ती मनाप्रमाणे कधी बसते, कधी पळते, आणि डबे तसे असतात म्हणून ते फळीवर उभे राहतात आणि हातून सुटले की फ्रिजखाली जातात. लगोरी खेळलेल्या माणसाला हे निराळे शिकवावे लागत नाही. सात चपट्या ठिकऱ्या एकावर एक बसतात आणि चेंडू त्यांना उडवून पुढे जातो. उलटे करून पाहा: सात चेंडू रचा आणि ठिकरीने उडवा. रचण्यातच संध्याकाळ होईल.

एक गोष्ट मात्र बाईंच्या कानावर घालण्याचे मी टाळले. वृत्तचितीचे उदाहरण म्हणून वर्गात हटकून खडू दाखवतात. साच्यातून काढलेला आपला नेहमीचा पांढरा खडू एका टोकाला किंचित बारीक असतो. साच्यातून तो सुटावा म्हणून. टेबलावर सोडला तर तोही पेल्यासारखाच थोडे वळण घेतो. चाळीस पोरांपैकी एखाद्याने हे पाहिले असणार आणि गप्प बसला असणार. पुढे मोठ्या हुद्द्यावर जाणारी मुले अशीच असतात.

ठोकळे हातात द्यावेत, मग बोलावे, ही कल्पना मला पेला फिरताना सुचली असली तरी ती जर्मनीत फार आधी सुचून गेली होती. फ्रीडरिश फ्रोबेल हे तरुणपणी बर्लिनला एका खनिजांच्या संग्रहालयात काम करत होते. दिवसभर स्फटिक न्याहाळायचे आणि लावून ठेवायचे. कुणी हे काम पोटासाठी केले असते. फ्रोबेलना मात्र त्या स्फटिकांत सगळ्या सृष्टीचा नियम दिसू लागला. 1837 मध्ये त्यांनी बाड ब्लांकेनबुर्ग या गावात लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. मुलांच्या हाती द्यायच्या वस्तूंना त्यांनी ‘देणग्या’ म्हटले. पहिली देणगी लोकरीच्या मऊ रंगीत चेंडूंची. दुसरी लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती यांची. चेंडू एका जागी ठरत नाही, ठोकळा जागचा हलत नाही, आणि वृत्तचिती दोघांचेही थोडे थोडे ऐकते. भांडणात मध्यस्थी करणारा जसा एक तरी काका प्रत्येक घरात असतो, तशी ती तिथे बसवलेली. गंमत पुढे आहे. या आकारांना दोरा बांधून गरगर फिरवायचे. फिरता ठोकळा वृत्तचितीसारखा दिसतो आणि आडवी टांगलेली वृत्तचिती फिरता फिरता गोलाचा भास करते. म्हणजे ठोकळ्याच्या पोटात चेंडू लपलेला आहे, हे एकही अक्षर न शिकवता मुलाला कळते.

इतक्या निरुपद्रवी उद्योगावर 1851 मध्ये प्रशियाच्या सरकारने बंदी घातली. नास्तिकपणा आणि समाजवाद पसरतो म्हणे. यात सरकारची फ्रोबेल आणि त्यांचा समाजवादी पुतण्या कार्ल यांच्यात गल्लत झाली होती. फ्रोबेल दुसऱ्याच वर्षी वारले आणि बंदी उठली 1860 मध्ये. लोकरीच्या सहा चेंडूंना भिणारे सरकार जगात होऊन गेले, हे वाचून मला पहिल्यांदा हसू आले. मग फ्रिजखालची हळदीची डबी आठवली आणि बंदीमागची सरकारची बाजूही थोडीशी पटली. श्वाइना इथे फ्रोबेल यांच्या थडग्यावर दगडी ठोकळा, त्यावर वृत्तचिती आणि सर्वांत वर गोल असे रचलेले आहेत. गोल सर्वांत वर ठेवलाय, यावरून रचणाऱ्याचा अभ्यास पक्का होता एवढे नक्की.

फ्रोबेल यांच्या ठोकळ्यांचा एक संच अमेरिकेत एका आईने 1876 च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात पाहिला आणि मुलासाठी आणला. तो मुलगा म्हणजे पुढे थोर वास्तुशिल्पी झालेले फ्रँक लॉइड राइट. मेपलच्या लाकडाचे ते गुळगुळीत ठोकळे आपल्या बोटांतून कधी गेलेच नाहीत, अशा अर्थाचे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. आता हे वाचून कुणी नातवाला ठोकळे आणून देईल आणि बंगल्याच्या आराखड्याची वाट पाहत बसेल, तर ते बरोबर नाही. ठोकळे खेळून मोठे झालेले बहुतेक लोक तुमच्या-माझ्यासारखे वीजबिल भरत आहेत.

मारिया माँटेसरी यांनी या खेळात डोळे मिटवले. त्यांच्या बालगृहांतले घनाकार निळ्या रंगाचे असतात: गोल, घन, शंकू, वृत्तचिती, सूची, लंबगोल, अंड्याचा आकार वगैरे. मुलाने ते डोळे बांधून किंवा पिशवीत हात घालून नुसत्या स्पर्शाने ओळखायचे. बाई 1939 मध्ये मद्रासला अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे इथे बरीच वर्षे राहिल्या. पण त्यांच्या पद्धतीचे भारतीय रूप त्याआधीच भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक घडवत होते. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षण सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या जोडीने ते आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. तिथे परदेशी निळे ठोकळे कुठून आणणार? आणि का आणावेत? शंखशिंपले, बिया, खडे, काटक्या, पाने. मूल शाळेत येत नाही तर अंगणात शाळा भरवा, ते गुरांमागे कुरणात गेले तर शाळाही कुरणात न्या. एक पैसाही न देता मिळणारा खडा मुलाच्या हाताला तितकेच चांगले काम देतो, हे त्या दोघींना पटलेले होते. हल्ली खेळण्यांच्या दुकानात ‘शैक्षणिक’ असे लिहिलेल्या लाकडी ठोकळ्यांच्या किमती पाहिल्या, की मला कोसबाडची टेकडी आठवते आणि मी बाहेर पडतो.

आमची पिशवी म्हणजे उशीचा अभ्रा. त्यात मी काडेपेटी, गोटी, टॉर्चचा सेल, सापशिडीचा फासा आणि नरसाळे टाकले. नातीने हात घातला आणि पटापटा सांगू लागली. ‘हा फासा. आठ टोकं बोचतात.’ ‘हा सेल. दोन्हीकडं गार, मधे गुळगुळीत.’ ज्या पोरीला चित्रात आठवे टोक सापडले नव्हते, तिच्या बोटांना ते अंधारात लगेच सापडले, याकडे मी बायकोचे लक्ष वेधले. बायकोचे लक्ष दुसरीकडेच होते. तिने माझी नजर चुकवून अभ्र्यात एक बटाटा सोडला होता.

नातीचा हात थांबला. ‘हा गोटी नाही. सेल नाही. कडा नाहीत. एक टोक आहे, पण ते टोक नाही.’ मग बराच वेळ चाचपून ती म्हणाली, ‘आबा, हा कुणीच नाहीये.’

भूमितीच्या पुस्तकात बटाट्याला खरोखरच जागा नाही. जगात मात्र बटाटेच जास्त. खडे, ढग, आले, फणस, माणसाचे डोके, यांतले कुणीही वृत्तचितीत बसत नाही. मुलांना आपण निवडक पाच-सहा सुबक आकारांची नावे शिकवतो आणि त्यांना वाटते, सगळ्याच वस्तूंना नावे असणार. नातीने मग बटाटाही ढकलून पाहिला आणि निकाल दिला: ‘हा घरंगळतो, पण त्याच्या मनाला येईल तिथं.’

पृष्ठ म्हणजे काय, कड म्हणजे काय हे शिकवायला मला त्या बटाट्याइतके चांगले साधन अजून मिळालेले नाही, म्हणून कृती देतो. अख्ख्या बटाट्याला एक वक्र पृष्ठ, कड नाही, कोपरा नाही. सुरीने एका बाजूची चकती कापा. आता एक सपाट पृष्ठ तयार झाले आणि त्याच्या भोवती एक वळती कड. बटाटा त्यावर बसायला शिकला. त्या कापाला लागून, काटकोनात दुसरा काप द्या. दोन सपाट पृष्ठे जिथे भेटली तिथे पहिली सरळ कड जन्माला आली. नात त्या कडेवरून बोट फिरवून म्हणाली, ‘आत्ता नव्हती!’ तिसरा काप या दोघांना छेदून द्या, आणि तीन पृष्ठे, तीन कडा जिथे मिळतात तिथे पहिलावहिला अस्सल कोपरा. सहा काप झाले की हातात घन उरतो. चकत्या काचऱ्यांना जातात, घन रश्श्यात पडतो, काही वाया जात नाही. सुरी अर्थातच मोठ्यांच्या हातात. कोपरा कुठे होणार हे मात्र मुलाने आधी बोटाने दाखवायचे, तेवढी शिस्त ठेवावी.

कोपऱ्यांचे असे बरे चालले असताना पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर एका रात्री वाद पेटला. वृत्तचितीला पृष्ठे किती? एक गट म्हणे तीन: दोन सपाट, एक वक्र. दुसरा गट म्हणे, पृष्ठ सपाटच असले पाहिजे, म्हणून दोन. एका इंजिनियर वडिलांनी थेट ऑयलरला बोलावले. लिओनार्ड ऑयलर यांनी 1750 मध्ये आपल्या एका गणिती मित्राला पत्रातून कळवलेले सूत्र आता आठवीच्या मुलांना माहीत असते: पृष्ठे अधिक शिरोबिंदू म्हणजे कडा अधिक दोन. घनाला 6 अधिक 8 म्हणजे 14, आणि 12 अधिक 2 म्हणजेही 14. छान. वृत्तचितीला तीन पृष्ठे, शून्य शिरोबिंदू, दोन कडा: डावीकडे 3, उजवीकडे 4. ‘बघा, चुकलं!’ असे त्यांनी रात्री साडेअकराला जाहीर केले. वास्तविक ते सूत्र सपाट पृष्ठांच्या आणि सरळ कडांच्या घनांसाठी आहे, डब्याला ते लावायचेच नाही. पण कुणीतरी शंकूला लावून पाहिले. दोन पृष्ठे, एक टोक, एक कड: 3 आणि 3. जुळले! शंकू कुठलाही अधिकार नसताना नशिबावर पास झाला. यावर शंकूचे टोक हे शिरोबिंदू आहे की नाही असा नवा वाद निघाला आणि मी फोन बंद केला.

शंकूबद्दल नातीचे मत साधे होते. वाढदिवसाची टोपी शंकू नाही, कारण तिला तळ नाही. तळ चिकटवला की शंकू होईल, पण मग घालणार कुठे?

पुढची पायरी खोकी उलगडण्याची. टूथपेस्टचे, साबणाचे, चहाचे रिकामे खोके कडेकडेने सोडवून सपाट पसरायचे. याला पुस्तकात घडणी म्हणतात. चहाचे खोके रिकामे आहे की नाही हे आधी पाहावे. सहा चौरस कडेला कडा जोडून 35 प्रकारे मांडता येतात, त्यातल्या फक्त 11 मांडण्यांचा घडी घालून घन होतो. बाकीच्या 24 मध्ये पृष्ठे एकमेकांवर चढतात किंवा घडीच बसत नाही, आणि एखादी तरी भिंत उघडी राहते. मुलांना त्या 11 पेक्षा 24 जास्त आवडतात. एक भिंत ठेवायलाच विसरलेले घर कुणाला आवडणार नाही?

या दिवाळीला आम्ही कामट्यांचा आकाशकंदील करायला घेतला. नात आता दुसरीत आहे. कंदिलात पृष्ठे म्हणजे पतंगाचा कागद, कडा म्हणजे कामट्या आणि शिरोबिंदू म्हणजे दोऱ्याच्या गाठी. प्रत्येक गोष्ट वेगळी, बोटाने धरता येणारी, आणि मागची बाजूही आरपार दिसणारी. आमचा बेत सहा चौकटींच्या कंदिलाचा होता. चार-चार कामट्यांच्या सहा चौकटी बांधायच्या आणि कोपऱ्याला कोपरा जोडत जायचे. मधल्या फटी आपोआप त्रिकोणी होतात, त्या आठ भरतात. त्यांना वेगळी कामटी लागत नाही, हे तिला पटेपर्यंत मी उदबत्तीच्या काड्यांचा एक छोटा नमुना बांधून दाखवला. तिने तो फिरवून फिरवून पाहिला. मग कागद-पेन्सिल न घेता एकेका चौकटीवर टिचकी मारत म्हणाली, ‘चोवीस कामट्या. गाठी बारा.’

मी मनातल्या मनात ऑयलरकडून पडताळून घेतले. चौदा अधिक बारा, चोवीस अधिक दोन. बरोबर होते.

‘पण आबा, तू बांधतोस तेव्हा मोडतात,’ ती म्हणाली, ‘तीस आण.’

बुरूडआळीत कामट्या मोजून देत नाहीत. जुडी घ्यावी लागते.